राखाडी बाजू

आमच्या बर्नली गावातल्या निम्म्या घरांच्या छतांना माझ्या नवऱ्याने, नेव्हिलने, गिलावा केला असेल, आणि आमच्याच पुढच्या खोलीला अकरा वर्षं छत नव्हतं. जुनं छत मधोमध फुगलं म्हणून एका रविवारी त्याने ते खाली ओढलं, धूळ बसल्यावर वर बघितलं आणि म्हणाला, "पुढच्या महिन्यात करून टाकू." तेव्हापासून सोफ्यावर बसून मान वर केली की उघड्या तुळया दिसायच्या, आणि तुळयांच्या वर आमच्या झोपायच्या खोलीच्या फळ्या. तो वर चालला की फटींतून काहीतरी बारीक माझ्या चहात पडायचं. मी ओरडायची. तो वरून ओरडायचा, "साखर समज!"

बरं, दुसऱ्या कुणाला हात लावू देईल तर शपथ. बर्नी म्हणून त्याचा कामावरचा जोडीदार. दोघांनी उभी हयात एका व्हॅनमध्ये काढली. बर्नी कितीदा म्हणाला, एखाद्या शनिवारी येतो आणि उडवून टाकतो काम. नेव्हचं ठरलेलं उत्तर, "माझ्या घराचं छत दुसऱ्याने केलं, तर मी स्वयंपाकघरात जाऊन झोपेन." गर्व होता, दुसरं काय. आणि दिवसभर लोकांच्या छतांखाली हात वर करून उभा राहिलेला माणूस घरी येऊन पुन्हा हात वर कशाला करेल, हेही होतंच.

या वर्षी जानेवारीत त्याला खोकला लागला, आणि मार्चमध्ये डॉक्टरांनी मला आणि पॉलीनला वेगळ्या खोलीत बसवलं. पॉलीन माझी नणंद. डॉक्टर म्हणाले, आता महिन्यांत नका मोजू, आठवड्यांत मोजा. पॉलीन रडली. मी मान हलवली आणि पार्किंगचं तिकीट संपत आलंय का ते विचारलं. वॉर्डात परत गेलो तेव्हा नेव्हने आमची तोंडं पाहिली आणि ओळखलं. फक्त म्हणाला, "नॉर्मा, मला घरी ने."

घर बघायला नर्स आली. चांगली मुलगी होती, पायपुसण्यावर बूट पुसून आत आली. म्हणाली, जिना आता त्यांना जमणार नाही, पलंग खालीच ठेवावा लागेल, ही पुढची खोली अगदी योग्य आहे. मग तिने वर पाहिलं. नेमकी त्याच वेळी पॉलीन वरून उशा आणायला गेली होती, आणि तिची पावलं आमच्या डोक्यावरून जशी सरकली तशी नर्सच्या निळ्या कोटावर धूळ पडत गेली.

"हे झाकल्याशिवाय मला पलंग पाठवता येणार नाही," ती कोट झटकत म्हणाली. "त्यांच्या छातीला नाही सोसायचं. शुक्रवारपर्यंत होईल का? झालं तर शुक्रवारीच आणू त्यांना. फार लांबवू नये असं मला वाटतं."

ती गेल्यावर पॉलीन म्हणाली, "बर्नीला फोन लाव."

"बर्नीला नाही."

"मग कुणाला?"

"मी करते."

पॉलीन सोफ्यावर बसलीच. "तू? अगं, तुला भिंतीवर कॅलेंडर सरळ लावता येत नाही!"

"दुसऱ्याने केलेल्या छताखाली तो झोपणार नाही म्हणाला होता. मी दुसरी नाही."

पॉलीनने गाडीची किल्ली उचलली. ती नेव्हची बहीण. त्याचा हेका तिने माझ्याही आधीपासून बघितलेला.

सामानाच्या दुकानात काउंटरवर कॉलिन असतो. नेव्हचं सगळं सामान त्याच्याकडूनच यायचं. मी छताला लावायचे प्लॅस्टरबोर्ड, ते एका अंगाला पांढरा आणि दुसऱ्या अंगाला राखाडी कागद चिकटवलेले जिप्समचे तक्ते, मागितले तेव्हा त्याने कुणासाठी, कशाला, काही विचारलं नाही. गावात बातमी माझ्याआधी पोचलेली असते. मोठे बोर्ड नको, म्हणाला, छोटे घे, तुम्हा दोघींना उचलता आले पाहिजेत. काळे स्क्रू दिले, पातं दिलं, आणि वर म्हणाला, "पांढरी बाजू खाली ठेवायची बरं का."

मी हो म्हटलं. पण मनात म्हटलं, गिलाव्याच्या गवंड्याशी संसार केलाय मी, आणि हा दुकानदार मला बोर्डाच्या बाजू शिकवतोय! आमचं नुकतं लग्न झालेलं तेव्हा मी नेव्हच्या कामावर डबा घेऊन गेले होते. तो शिडीवरून उतरला, बोर्डावर बोटाने टकटक केली आणि मास्तरासारखा म्हणाला, "राखाडी बाजू गिलाव्याला, पांढरी बाजू रंगाला. पाठ कर." मी सँडविच त्याच्या हातात कोंबत पाठ केलं. ते कसं विसरेन?

कॉलिन अजून घुटमळत होता. "एकीने धरायचा, एकीने स्क्रू मारायचे. पण धरून धरून हात जातात. तुला एक ते... तेही लागेल."

"ते काय?"

"टेकू गं. उभा दांडा आणि त्याच्या डोक्यावर आडवी फळी. बोर्डाला खालून लावून ठेवायचा." त्याचे कान लाल झाले होते.

मग मला कळलं त्याची जीभ कुठे अडली ते. त्या टेकूला धंद्यात सगळे मढं म्हणतात. दिवसभर हात पसरून उभं राहतं, बोलत नाही, चहा मागत नाही. नेव्हच्या व्हॅनमध्ये कायम एक असायचं. "मढं कुठं ठेवलंस?" "मढं पुढे घे." आमच्या घरात जेवताना चालायचा हा शब्द.

"मढं म्हण की, कॉलिन. मी काही फुटणार नाही."

"मढं," तो अगदी हळू म्हणाला. "माफ कर, नॉर्मा." मग त्याने ते स्वतःच लाकडं कापून करून दिलं आणि गाडीपर्यंत उचलून आणलं, मी नको नको म्हणत असताना.

दुपारी आम्ही दोघी हॉस्पिटलात गेलो. नेव्हने विचारलं, "छत कोण करतंय?"

"मी."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं कळ आली. पण तो हसत होता. हसण्यातून खोकला निघाला, पॉलीनने पाणी धरलं, तो थांबेपर्यंत आम्ही दोघी दुसरीकडे बघत राहिलो. मग त्याचा आवाज एकदम कामावरचा झाला. "तुळया कुठे आहेत त्याच्या खुणा आधी भिंतीवर करून ठेव. बोर्ड वर गेला की तुळई दिसत नाही, मग स्क्रू हवेत जातात. बोर्ड तुळयांना आडवा टाकायचा. जोड एका रेषेत आणू नको, विटांसारखे सरकव. स्क्रूचं डोकं कागदात बुडलं पाहिजे, पण कागद फाटता कामा नये. मढं केलंस का?"

"कॉलिनने करून दिलं."

"बरं झालं. नाहीतर शुक्रवारपर्यंत थांबायचं, दुसरं येतंच आहे."

पॉलीन उठून खिडकीपाशी गेली. मी त्याच्या हातावर एक चापट मारली, सुई नसलेल्या हातावर. चाळीस वर्षं हा माणूस असलेच विनोद करत आलाय, आणि मी प्रत्येक वेळी चापटच मारत आलेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सोफा मागच्या खोलीत ढकलला आणि कामाला लागलो. मी नेव्हची चपटी टोपी घातली आणि आत भांडी घासायचा नवा स्पंज कोंबला. बोर्ड डोक्याने पेलायचा तर टाळू शाबूत राहिली पाहिजे, हे मी त्याचंच बघितलेलं. पॉलीन म्हणाली, "आरशात बघू नकोस, काम राहून जाईल." पहिला बोर्ड आम्ही धापा टाकत वर नेला, मी चार स्क्रू मारले, मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "सोड." पॉलीनने सोडला आणि बोर्ड आम्हा दोघींच्या अंगावर आला. चारही स्क्रू हवेत गेले होते. भिंतीवर खुणा केल्या होत्या मी, पण बोर्ड डोक्यावर घेतल्यावर त्यांच्याकडे बघायचंच राहिलं होतं. पॉलीनने जी शिवी दिली ती तिच्या चर्चमधल्या बायकांनी ऐकली असती तर तिला दारात उभं केलं नसतं.

दुपारपर्यंत मला स्क्रूचा आवाज कळायला लागला. लाकूड लागलं की ड्रिलचा आवाज जड होतो, हातात कंप येतो. हवेत गेला की नुसता किंचाळतो. पात्याने कागदावर एक रेघ ओढून बोर्ड गुडघ्यावर मोडायचा, तो कटकन सरळ रेषेत मोडतो, मग मागचा कागद कापायचा, हेही जमलं. खोटं कशाला बोलू, मला मजा आली. नवरा मरायला टेकलाय आणि मला बोर्ड मोडायला मजा येतेय, म्हणून मी स्वतःवर चिडले आणि आणखी एक मोडला.

दुसरी ओळ संपत आल्यावर पॉलीन खालून वर बघत म्हणाली, "हे काय गं, ही तर राखाडी, छापील बाजू खाली आलीय. कंपनीचं नाव वाचता येतंय मला. कॉलिन पांढरी खाली म्हणाला होता ना?"

"कॉलिन रंग देणाऱ्यांना सांगतो ते."

"मग आपण रंगच देणार ना?"

"स्क्रू दे," मी म्हटलं.

तिने स्क्रू दिले आणि ती चिप्स आणायला गेली. मला थांबायला हवं होतं. पण एकच बोर्ड राहिला होता त्या ओळीत, मी तो एकटीनेच डोक्यावर घेतला, शिडी चढले, एक टोक मढ्यावर टेकवलं आणि दुसरं दोन्ही हातांनी दाबून धरलं. तेव्हा कळलं की ड्रिल खाली खिडकीच्या कठड्यावर राहिलंय. सोडावं तर बोर्ड पडतो. उतरावं तर बोर्ड पडतो. तशी उभी राहिले, हात वर, तोंडासमोर राखाडी कागद, आणि तिथे मला रडू फुटलं. हॉस्पिटलात नाही, डॉक्टरांसमोर नाही, तिथे. नाक वाहत होतं आणि पुसायला हात नव्हता. समोर ते लाकडाचं मढं माझ्यासारखंच हात पसरून उभं होतं आणि मी त्याला म्हणत होते, "नेव्ह, धर रे. जरा धर."

पॉलीन आली, तिने चिप्स जमिनीवर टाकल्या, ड्रिल माझ्या हातात दिलं आणि बोर्डाला खांदा लावला.

गुरुवारी संध्याकाळी छत लागलं. दिव्याची तार भोकातून खाली काढताना भोक जरा मोठंच झालं, एका कोपऱ्यात दोन बोटं फट राहिली, आणि मधला एक जोड वाकडा गेला. पॉलीनने वर जाऊन आमच्या खोलीत उड्या मारल्या, या वयात. खाली कणही पडला नाही.

शुक्रवारी सकाळी पलंग आला आणि दुपारी नेव्ह आला. अँब्युलन्सच्या माणसांनी त्याला आत आणलं, नर्सने उशा लावल्या, वर बघून "वा, मस्तच झालंय" म्हणाली आणि औषधं कधी द्यायची ते पॉलीनला समजावायला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी चहा घेऊन दारात उभी राहिले. नेव्ह पाठीवर पडून वर बघत होता. त्याची नजर शेकोटीच्या चिमणीकडच्या कोपऱ्यापासून निघाली, एकेका जोडावरून सरकत खिडकीपर्यंत गेली आणि परत आली. लोकांच्या घरची छतं तपासताना त्याची तशी नजर मी पाहिली होती.

"नॉर्मा."

"वाकडा जोड मला माहितीय. बोलू नकोस."

"जोडाचं नाही. राखाडी बाजू."

"हो. राखाडी गिलाव्याला, पांढरी रंगाला. पाठ आहे माझं."

"पोरी," तो म्हणाला. साठी उलटली तरी त्याला मी पोरीच. "ते जुन्या बोर्डांचं. तसे बोर्ड कित्येक वर्षांत कुणी बनवत नाही. आता गिलावा असो, रंग असो, दोन्हीला पांढरीच. राखाडी म्हणजे बोर्डाची पाठ. तू सगळं छत पाठमोरं लावलंयस."

मी चहा खाली ठेवला. "मग सांगितलं का नाहीस त्या दिवशी?"

"मला वाटलं, तू रंग देणार. मग पांढरीच लावशील." त्याने मान माझ्याकडे वळवली. "गिलाव्यासाठी ठेवलंस हे?"

"हो."

"गिलावा कोण करणार होतं?"

आठवड्यांत मोजा म्हणाले होते डॉक्टर. ऐकलं होतं मी ते, मान हलवली होती, नर्सशी बोलले होते, त्याला मरायला घरी आणतेय हे सगळ्यांना सांगितलं होतं. आणि आत कुठेतरी मी धरून चालले होते की घरी येईल, आठवडाभर झोपेल, माझं काम बघून वैतागेल, आणि मग उठून म्हणेल, थापी कुठे ठेवलीस. छतभर ते लिहून ठेवलं होतं मी, आणि माझं मलाच आत्ता वाचता आलं. त्याने आधी वाचलं.

"किती मूर्ख आहेस गं तू," तो म्हणाला. "ये इकडे."

मी बूट काढून त्या अरुंद पलंगावर त्याच्याशेजारी पडले. नर्सने दारातून पाहिलं आणि दार ओढून घेतलं. दोघं पाठीवर पडून छत बघत राहिलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "राखाडीलाही गिलावा धरतो तसा. आधी गोंदाचं पाणी नीट सारवून घ्यायचं. अवघड जातं, पण धरतो."

शनिवारी सकाळी त्याचा उजवा हात पांघरुणाबाहेर आला आणि हवेत हलायला लागला. मला वाटलं काही मागतोय. पण थापी फिरवतानाचं मनगटाचं ते वळण मी ओळखलं. "चिमणीकडून सुरू करतो," तो म्हणाला. "उजेडाकडे जायचं. पहिला हात पातळ." थोडा वेळ करायचा, हात पडायचा, झोपायचा, उठला की राहिलं होतं तिथून पुढे. पॉलीन म्हणाली, औषधांमुळे भ्रम होतोय त्याला. असेल. पण मधल्या वाकड्या जोडापाशी तो दर वेळी थांबायचा आणि माझ्याकडे डोळे वटारून बघायचा, त्यात भ्रम काही नव्हता.

रविवारी दुसरा हात. मग म्हणाला, "पाणी मार." मी पेला त्याच्या ओठांना लावला. "मला नाही. छताला." मी पेल्यात बोटं बुडवली आणि वर शिंपडलं. निम्मं आमच्याच तोंडावर आलं. तो हसला, खोकला नाही. मी पुन्हा शिंपडलं. त्याने थापी फिरवली, लांब, खिडकीपर्यंत.

सोमवारी दुपारी त्याने हात खाली ठेवला. "झालं," म्हणाला. "आता कुणी हात लावू नका. सुकू दे."

नंतर तो बोलला नाही. मंगळवारी सकाळी, पॉलीन चहा करत असताना आणि मी त्याची नखं कापत असताना, गेला.

त्याला पुरून आल्यावर सगळे घरी आले. पॉलीनने हॅमची सँडविचेस केली होती, बटाटा भरून भाजलेली पेस्ट्री होती, लोणच्यातला लाल कोबी होता. गावातले गवंडी, सुतार, रंगारी, सगळे काळे कोट घालून माझ्या पुढच्या खोलीत दाटीवाटीने उभे. आत आला की प्रत्येकाची नजर सवयीने वर जायची. वर कंपनीचं नाव, ओळीने, चिमणीपासून खिडकीपर्यंत. मग ते पटकन सँडविचकडे बघायचे. कॉलिन तर बशीतून मान वर काढेना. एरवी एकमेकांच्या कामाची सालटी काढणारी माणसं ही, एकानेही चकार शब्द काढला नाही.

शेवटी बर्नी माझ्याजवळ आला. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. "नॉर्मा, रागावू नकोस. मी गुरुवारी येतो. तू लावलेलं काढत नाही, तसंच ठेवतो, वरून गिलावा करून देतो. एका सकाळचं काम. आता तरी करू दे."

"झालाय, बर्नी."

"काय झालाय?"

"गिलावा. नेव्हने केला. शनिवारी सुरू केला, सोमवारी संपवला. हात लावू नका म्हणालाय, सुकतोय अजून."

बर्नी माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता पॉलीनला हाक मारेल, मला बसवतील, पाणी देतील. त्याने बशी खाली ठेवली आणि तो माणसांमधून वाट काढत खिडकीपाशी गेला. गिलावा बघायचा तर तिथूनच बघतात, तिथून उजेड आडवा पडतो आणि खोट असली तर दिसते. गाल जवळजवळ काचेला लावून, एक डोळा मिटून, त्याने छत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"सपाट आलाय," तो म्हणाला. "त्याचाच हात."